वाचनालयामागचे अकरा गुंठे : एका महाविद्यालयीन बागेच्या कामाच्या नोंदी

१६ जानेवारी २०२३

वाचनालयामागची अकरा गुंठे जागा विद्यार्थ्यांच्या विसाव्यासाठी आणि मनःस्वास्थ्यासाठी तयार करावी असा ठराव झाला आणि मी वनस्पतिशास्त्र शिकवते म्हणून ते काम माझ्याकडे आले. मंजूर रक्कम ४ लाख रुपये आहे. हाताशी एक माळीमामा, राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी आणि आठवड्यातला शनिवार एवढेच आहे. पुण्यात असेच काम दुसऱ्या कोणी हाती घेतले तर आमच्या चुका त्यांना आयत्या मिळाव्यात, म्हणून या नोंदी ठेवत आहे.

आजची स्थिती अशी आहे: दक्षिणेला वाचनालयाची तीन मजली इमारत, उत्तरेला मुलींचे वसतिगृह, पश्चिमेला दुचाकींचे वाहनतळ. जागेवर चार जुने कडुनिंब, तीन गिरिपुष्प, एक गुलमोहर, कुंपणालगत खोट्या अशोकाची रांग आणि उरलेल्या जागेत गाजर गवत आहे. एकही झाड तोडायचे नाही, हे पहिल्याच दिवशी ठरवले. महापालिका हद्दीत झाड तोडायचे तर १९७५च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार परवानगी लागते, हे एक कारण. दुसरे असे की गिरिपुष्प परदेशी असला तरी त्याची सावली आज उपलब्ध आहे आणि मी लावणार असलेल्या करंजाची सावली आठ वर्षांनी मिळणार आहे.

बैठकीत आलेला पहिला आराखडा सात गुंठ्यांवर हिरवळ, मध्ये कारंजे आणि कोपऱ्यात छायाचित्रे काढण्यासाठी महाविद्यालयाच्या नावाची मोठी अक्षरे असा होता. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या सातव्या निकषात हरित परिसराची विचारणा असते आणि आलेल्या समितीला हिरवे काहीतरी चटकन दिसावे, ही इच्छा मी समजू शकते. मी फक्त पाण्याचा हिशेब मांडला. उन्हाळ्यात हिरवळीला दिवसाला ५ मिलिमीटर पाणी धरले, तर ७०० चौरस मीटरला रोज ३,५०० लिटर लागतात, म्हणजे दहा हजार लिटरचा टँकर दर तिसऱ्या दिवशी. आणि एवढे करून त्या हिरवळीवर ‘आत पाऊल टाकू नये’ अशी पाटी लावावी लागते ती वेगळीच. पुण्याचा वर्षाचा ७०० ते ७५० मिलिमीटर पाऊस बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात पडून जातो, त्यामुळे उरलेले आठ महिने थोड्या पाण्यावर तग धरणारी झाडेच इथे परवडतात. खजिनदारांनी कारंजे रद्द केले आणि हिरवळ ‘तूर्तास’ बाजूला ठेवली.

झाडे पाहून मनाला बरे वाटते याला पुरावा काय, असे एका सदस्यांनी विचारले. रॉजर उलरिच यांनी १९८४ साली ‘सायन्स’ नियतकालिकात मांडलेले निष्कर्ष मी सांगितले: पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती ते, विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा सरासरीने लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकेही कमी लागली. सदस्यांचे समाधान झाले. माझे पूर्ण झाले नाही, कारण तिथले रुग्ण खाटेवरून बाहेर पाहत होते आणि आमच्या विद्यार्थ्यांना बाहेर येऊन बसायचे आहे. या दोन गोष्टी एकच आहेत असे मी तरी गृहीत धरणार नाही.

४ फेब्रुवारी

आराखडा काढण्याआधी मुले आज कुठे बसतात ते पाहायचे ठरवले. आठवडाभर सकाळी ११, दुपारी १.३० आणि सायंकाळी ५ वाजता मी स्वतः फेरी मारून डोकी मोजली. या अकरा गुंठ्यांत दुपारी सरासरी ६ जण असत. त्याच वेळी जनरेटरच्या खोलीच्या जोत्यावर, जे जेमतेम फूटभर रुंद आहे, ९ ते १२ जण दाटीवाटीने बसलेले असत. वाहनतळात गाड्यांच्या सीटवर त्याहून अधिक. जोत्यावर काय आहे, हे समजायला मी स्वतः तिथे जाऊन बसले. पाठीला भिंत आहे, बारानंतर सावली आहे, समोरून येणारा लांबूनच दिसतो आणि कोणत्याही कार्यालयाची खिडकी तिकडे उघडत नाही. जनरेटर सुरू झाला की धूर येतो, तरी मुले उठत नाहीत.

वाचनालयात ठेवलेल्या पेटीत १३८ चिठ्ठ्या आल्या. सर्वाधिक मागणी चार्जिंगच्या सॉकेटची होती, हे इथे प्रामाणिकपणे नोंदवते. त्याखालोखाल ‘कोणी उठवणार नाही अशी जागा’ या अर्थाची वाक्ये होती. ती मी वाचली, बाजूला ठेवली आणि झाडांची यादी करायला बसले. या सगळ्या कामातली सर्वांत महाग चूक तीच होती, हे कळायला ऑक्टोबर उजाडला.

१८ फेब्रुवारी

गाजर गवत उपटले. या तणाची भारतातील पहिली नोंद १९५०च्या दशकात पुण्यातूनच झालेली आहे, तेव्हा निदान आपण तरी ते ओळखून सावध असायला हवे होते. हातमोजे २० होते आणि मुले ३४ आली. उत्साहाच्या भरात मी कोणाला थांबवले नाही. सोमवारपर्यंत दोघांच्या हातांवर व मानेवर पुरळ उठले आणि पुढचा शनिवार रद्द करावा लागला. यापुढे हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा असल्याशिवाय कोणालाही आत घ्यायचे नाही. उपटायचे तेही फुलावर येण्याआधी, जमीन ओली असताना, मुळासकट.

११ मार्च

खोदाई सुरू केली आणि पहिल्याच खड्ड्यात दोन फुटांवर विटांचे तुकडे, फरशांचे कपचे आणि एक अख्खे वॉश बेसिन निघाले. माळीमामांनी पहार टेकवली आणि म्हणाले, “मॅडम, ही माती न्हाई. हे कुणाचं तरी घर पुरलंय हितं.” वाचनालयाच्या बांधकामाचा राडारोडा इथेच पसरून त्यावर मुरूम टाकलेला होता. जेसीबी बोलवावा लागला. दोन दिवसांत ११ तास काम झाले आणि राडारोड्याच्या ९ गाड्या बाहेर गेल्या.

जेसीबीच्या चालकाला झाडांपासून लांब राहायला सांगितले होते, पण ‘लांब’ म्हणजे किती ते सांगितले नव्हते. पूर्वेकडच्या कडुनिंबाचे मनगटाएवढे जाड मूळ खोडापासून तीन मीटरवर तुटले. मुळे फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरलेली असतात, हे मी दरवर्षी वर्गात सांगते. आता प्रत्येक झाडाच्या फांद्यांच्या घेराबाहेर फक्कीने रेघ मारली आहे आणि तिच्या आत फक्त कुदळ व हात चालतील.

झाडांसाठी ३×३×३ फुटांचे खड्डे घेतले. त्यांपैकी एकात फूटभर पाणी भरून ठेवले होते, त्यातले दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ इंच शिल्लक होते. हे वहीत लिहिले आणि पुढे त्यावर काहीही केले नाही.

५ एप्रिल

दिवसभर सावली आखली. ११, १.३० आणि ४ वाजता सावलीच्या कडेने फक्की टाकून शेवटी कागदावर उतरवून घेतली. इमारतीची सावली दुपारी भिंतीपासून जेमतेम पावणेतीन मीटर येते. कडुनिंबांना नवी पालवी आली असून त्यांची सावली दाट होऊ लागली आहे. या नकाशावरून पाच कट्ट्यांच्या जागा ठरवल्या: तीन कडुनिंबाखाली, दोन वाचनालयाच्या भिंतीपासून सहा मीटरवर.

कडुनिंबांभोवती पूर्वीचे काँक्रीट खोडाला भिडलेले होते, ते फोडून प्रत्येक खोडाभोवती एक मीटर जमीन मोकळी केली. दिल्लीतील झाडांच्या बाबतीत राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये एवढीच मोकळीक ठेवायला सांगितले होते, हा दाखला ठेकेदाराला पटवताना उपयोगी पडला.

६ मे

गवंडीकाम झाले. दगडी कट्टे, वर शहाबादी फरशी, उंची दीड फूट आणि रुंदी १६ इंच. रुंदी मी खुर्चीच्या मापावरून ठरवली होती. पहिल्याच दिवशी दिसले की आमची मुले कट्ट्यावर पाय सोडून बसतच नाहीत. मांडी घालतात, डबा समोर ठेवतात, वही पसरतात. त्याला किमान दोन फूट लागतात. कडुनिंबाखालचे दोन कट्टे आतल्या बाजूने वाढवून घेतले. तीन तसेच राहिले, कारण कट्ट्यांसाठी ठेवलेले पैसे पुरले नाहीत.

खोडाभोवती पार बांधून आत माती भरावी, असे गवंड्याचे म्हणणे होते. पेठांतले जुने पार पाहून मलाही तो मोह झाला होता, पण वाढलेल्या झाडाच्या बुंध्यावर नव्याने माती चढवली की साल सडते. म्हणून कट्टा अर्धवर्तुळाकार आणि खोडापासून दूर ठेवला, आत काही भरले नाही.

याच सुमारास माजी विद्यार्थ्यांकडून सहा लोखंडी बाक भेट आले. प्रत्येकाच्या पाठीवर ‘स्मरणार्थ’ अशी पाटी आहे. ती रस्त्यावरून वाचता यावी म्हणून बाक असे बसवण्यात आले की बसणाऱ्याची पाठ रस्त्याकडे आणि तोंड पश्चिमेच्या उन्हाकडे. मी त्या दिवशी रजेवर होते, ही माझी बाजू.

१ जुलै

मोसमी पाऊस यंदा जूनच्या अखेरीस आला आणि गेल्या शनिवारपासून लागवड सुरू झाली. २६ झाडे आणि ३१० झुडपे लावायची आहेत. झाडांत करंज, बहावा, आपटा, कांचन, शिवण, तामण, बकुळ आणि सीताअशोक. झुडपांत अडुळसा, निर्गुडी, कुडा, धायटी, करवंद, पारिजातक, कढीपत्ता. कढीपत्ता फुलपाखरांच्या अळ्यांसाठी आहे.

रोपवाटिकेतून ‘अशोक’ म्हणून चार रोपे आली ती खोट्या अशोकाची निघाली. कुंपणाला त्याची अख्खी रांग असताना आणखी चार. चूक माझीही होती, कारण मागणीपत्रात मी ‘अशोक’ एवढेच लिहिले होते. यापुढे मराठी नावाबरोबर शास्त्रीय नावही लिहायचे. दुसरी तपासणी मुळांची करायची: पिशवी फाडल्यावर ११ रोपांची मुळे आत गोल गोल फिरून चुंबळीसारखी झालेली दिसली. अशी रोपे जोमदार दिसतात आणि चार वर्षांनी वाऱ्यात आडवी होतात. सात रोपे परत केली. चार रोपांची बाहेरची मुळे उभी कापून, सोडवून लावली.

२२ जुलै

मार्चमधले नऊ इंच आता समोर आले. आठवडाभराच्या पावसाने मुरुमात घेतलेला प्रत्येक खड्डा कुंडीसारखा भरून राहिला आहे, कारण आत आम्ही घातलेली मऊ पोयट्याची माती आहे आणि भोवती दाबलेला मुरूम, त्यामुळे पाणी आत सहज येते पण बाहेर जाण्याची वाट नाही. बकुळीची आणि शिवणीची पाने पिवळी पडली. सुकलेली समजून एका विद्यार्थिनीने त्यांना आणखी पाणी घातले. रविवारी आम्ही बाराजणांनी उताराच्या दिशेने दीड फूट खोल चर खणून खड्डे एकमेकांना जोडले आणि चर ईशान्य कोपऱ्यातल्या खोलगट भागात नेऊन सोडला. तीन झाडे तोवर गेली होती.

२ सप्टेंबर

बुडण्यातून वाचलेली झाडे आता वाळत आहेत. देशाच्या १९०१पासूनच्या नोंदींतला हा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला आणि आमची रोपे लावून दोन महिनेही झालेले नव्हते. ‘पावसाळा आहे’ या भरवशावर ठिबक सिंचन दिवाळीनंतर बसवायचे ठरवले होते. ६ टँकर मागवले. आणखी चार झाडे गेली, त्यांतल्या दोघांच्या बुंध्याला वाळवी होती. पाऊस नसताना ओलावा फक्त आमच्या खड्ड्यांत होता, त्यामुळे वाळवी तिथेच जमली. नीमपेंड घातली आणि पालापाचोळ्याचे आच्छादन बुंध्यापासून वीतभर मागे ओढले. २६ झाडांपैकी १९ शिल्लक आहेत. झुडपांत करवंद आणि अडुळसा यांचे मात्र एकही रोप गेलेले नाही.

१२ सप्टेंबर

तळ्याबद्दल लिहायचे टाळत होते. एक छोटे तळे माझ्या हट्टाने केले होते: २२,००० रुपये, फेरोसिमेंटचे, त्यात कुमुदिनी. ते आधी गळले, दुरुस्त केल्यावर गळायचे थांबले आणि मग डास झाले. वसतिगृहात दोन मुलींना डेंग्यू झाला. त्यांचे डास तळ्यातलेच होते असे कोणी सिद्ध केले नाही, कारण वसतिगृहाच्या गच्चीवर उघड्या टाक्याही होत्या. पण जी बाग विद्यार्थ्यांच्या स्वास्थ्याच्या नावाने केली, तिथे मला तो वाद घालायचा नव्हता. तळे बुजवले. त्याऐवजी पक्ष्यांसाठी मातीच्या दोन उथळ परळ्या ठेवल्या आहेत. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला अंड्यापासून पंख फुटेपर्यंत साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून परळ्या दर तिसऱ्या दिवशी रिकाम्या करून घासायच्या, अशी पाळी लावली आहे.

९ ऑक्टोबर

बाग दिसायला आता बरी आहे आणि तिच्यात कोणी बसत नाही. मागच्या आठवड्यात पुन्हा डोकी मोजली: दुपारी सरासरी १७. जनरेटरचे जोते पूर्वीसारखेच भरलेले.

मी जोत्यावरच्या मुलांना सरळ विचारले. एका मुलाने उत्तर दिले नाही, नुसते बोट दाखवले. बागेच्या तोंडाशी उन्हाळ्यातच एक पाटी लागली होती आणि मी रोज तिच्याजवळून जात होते: ‘विद्यार्थ्यांनी येथे विनाकारण बसू नये. गटाने थांबल्यास ओळखपत्र जमा करण्यात येईल.’ पुण्यात राहून पाट्या न वाचण्याची सवय लागते, तसे माझे झाले होते. सुरक्षारक्षक पाटीप्रमाणे दर तासाला फेरी मारून मुलांना उठवत होते. त्यात त्यांचा दोष नाही, त्यांना तसे लेखी सांगितलेले होते.

म्हणजे सुमारे अडीच लाख रुपये खर्चून आम्ही बसण्याची जागा केली आणि तिथे बसण्यासाठी कारण मागितले. फेब्रुवारीतल्या चिठ्ठ्या काढून पुन्हा वाचल्या. ३१ चिठ्ठ्यांत हेच लिहिले होते.

प्राचार्यांकडे तीन बैठका झाल्या. त्यांची काळजी खोटी नव्हती: मुलामुलींच्या जोड्या, पालकांच्या तक्रारी, अंधार पडल्यावरची जबाबदारी. आमच्या समुपदेशक मॅडमनी तिथे एक गोष्ट सांगितली, ती माझ्या यादीत नव्हती. त्यांच्या खोलीत येऊन समोरासमोर बसायला बरेच विद्यार्थी तयार नसतात. तेच बाहेर, शेजारी शेजारी बसून, दोघेही समोर कुठेतरी पाहत असताना बोलू लागतात. जिथून उठवले जाते तिथे त्या त्यांना घेऊन जाऊ शकत नाहीत. अखेर पाटी निघाली. नवी पाटी ‘सकाळी ७ ते रात्री ८’ एवढीच आहे, आणि रक्षकांची फेरी आता बागेच्या कडेने होते, मधून नाही.

१ नोव्हेंबर

पाटी काढल्यानंतरच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारची सरासरी ४३ झाली. मधल्या काळात एकही नवे झाड लावलेले नाही.

बसणारे वाढले तशा खऱ्या तक्रारी सुरू झाल्या, आणि त्या मुख्यतः वसतिगृहातल्या मुलींकडून आल्या. निर्गुडी चार महिन्यांत पाच फुटांवर गेली आहे. तिच्यामागे कोणी उभे असेल तर दिसत नाही. मला ‘आडोसा’ हवा होता, त्यांना बसल्यावर डोके झाकावे पण उभे राहिल्यावर सगळे दिसावे असे हवे होते, आणि त्यांचे मोजमाप माझ्यापेक्षा नेमके होते: तीन फूट. निर्गुडी तीन फुटांवर छाटली. दर महिन्याला छाटावी लागेल. आडोशासाठी अडुळसाच लावायला हवा होता, तो सावकाश वाढतो आणि सावलीतही दाट राहतो.

दिव्यांचेही असेच झाले. गुडघ्याएवढ्या उंचीचे पिवळसर दिवे मी कौतुकाने निवडले होते. त्यांच्या उजेडात पायवाट सुंदर दिसते आणि समोरून येणाऱ्याचे बूट दिसतात, चेहरा दिसत नाही. वाटेवरचे पाच दिवे बदलून आठ फुटांवर, प्रकाश खाली पडेल असे बसवले. बागेच्या आतले बुटके दिवे तसेच ठेवले.

६ डिसेंबर

परीक्षा सुरू आहेत आणि वाचनालयाजवळचे दोन्ही कट्टे रिकामे आहेत. एप्रिलच्या सावलीवरून मी त्यांची जागा ठरवली होती. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कलतो, पुण्यात भर दुपारीही तो क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवरच असतो, आणि बारा मीटर उंचीच्या इमारतीची सावली जवळजवळ अकरा मीटरपर्यंत येते. त्यामुळे सहा मीटरवरचे कट्टे दिवसभर गारठ्यात असतात, आणि थंडीच्या सकाळी मुलांना नेमके ऊन हवे असते. एप्रिलबरोबर डिसेंबरातही एकदा फक्की टाकली असती, तर हे दोन्ही कट्टे पाच मीटर उत्तरेला गेले असते. पण त्यासाठी काम वर्षभर थांबवावे लागले असते आणि मंजूर रक्कम मार्चअखेर परत गेली असती.

देणगीदारांच्या सहापैकी चार बाकांची तोंडे फिरवली. दोन-दोन बाक काटकोनात ठेवले, म्हणजे बसणाऱ्यांना एकमेकांकडे पाहताही येते आणि पाहिले नाही तरी चालते. पाट्या आता आतून वाचता येतात. एका देणगीदारांनी फोन करून विचारणा केली. मी त्यांना दुपारी दीड वाजता येऊन पाहण्याची विनंती केली. ते आले, त्यांच्या आईच्या नावाच्या बाकावर दोन मुली डबा खात होत्या, आणि विषय तिथेच संपला.

१९ फेब्रुवारी २०२४

कडुनिंबाची पानगळ चालू आहे. चार झाडांचा पाला म्हणजे आमचे वर्षभराचे आच्छादन, पण सफाईच्या नव्या माणसाने शनिवारी तो गोळा करून कोपऱ्यात पेटवला. धूर वाचनालयात गेला आणि करवंदाची आठ रोपे होरपळली. त्याला कोणी काही सांगितलेले नव्हते. पाला कुठे टाकायचा, हे आता जागेवरच खुंट्या ठोकून दाखवले आहे. आणखी एक नोंद करायची ती अशी की ज्या महिन्यात ऊन चढू लागते, त्याच महिन्यात कडुनिंब उघडा पडतो. सावलीसाठी एकाच जातीवर विसंबू नये. या दोन-तीन आठवड्यांत सगळी मुले गिरिपुष्पाकडे जातील असे वाटले होते, पण तोही निष्पर्ण होऊन गुलाबी फुलांवर आला आहे. मुले खोट्या अशोकाच्या रांगेला टेकून बसली आहेत, ज्या झाडाला मी वर्षभर नावे ठेवली.

१८ एप्रिल

उन्हाळी परीक्षा. ठिबक चालू असूनही ८ टँकर लागले. मुलांना परीक्षेच्या दिवसांत बहावा फुललेला दिसावा, ही माझी कल्पना अजून तीन-चार वर्षे कल्पनाच राहणार आहे. कढीपत्त्याची सहाही रोपे बोडकी आहेत. अळ्या आल्या असाव्यात म्हणून आनंदाने भिंग घेऊन गेले, तर पाने देठापासून नीट खुडलेली होती. वसतिगृहाच्या मेसमधल्या मावशींनी कबुलीही दिली: “एवढा ताजा कढीपत्ता असताना बाजारातून कशाला आणायचा?”

आठवड्याची दुपारची सरासरी ५८. त्यांतले निम्मे फोनमध्ये असतात, काही झोपतात, काही नुसते बसतात. याने कोणाच्या मनाला किती बरे वाटले, हे डोकी मोजून सांगता येत नाही आणि मी तसा दावा अहवालात केलेला नाही. समुपदेशक मॅडम आठवड्यातून दोन दुपारी पूर्वेकडच्या कट्ट्यावर बसतात आणि ती वेळ बहुधा भरलेली असते, एवढे लिहिले आहे.

२७ जुलै

बुधवारी रात्रीपासून गुरुवारपर्यंत जो पाऊस झाला, त्यात सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत घरांमध्ये पाणी शिरले. टेकडीवरून येणारे पाणी आमच्या मागच्या कुंपणातून आत आले. गेल्या वर्षीचे चर काठोकाठ वाहिले, खोलगट भाग भरला आणि जास्तीचे पाणी वाहनतळात गेले. झाड एकही बुडाले नाही. गाळाने मात्र चर निम्मे भरले आहेत, ते दिवाळीपूर्वी उपसायचे. तुटलेल्या मुळाचा कडुनिंब उभा आहे, पण त्या बाजूची एक फांदी वाळली आहे आणि तिच्याखाली कट्टा आहे. फांदी काढण्याच्या परवानगीसाठी अर्ज केला असून तोवर कट्ट्यावर दोरी बांधली आहे.

३१ ऑगस्ट

खर्चाचा मेळ लागला. जेसीबी १३,२००, राडारोडा १६,२००, माती ३६,०००, शेणखत १२,०००, रोपे २३,०५०, कट्टे १,१२,०००, ठिबक ३८,०००, दिवे ४१,०००, १४ टँकर १५,४००, फेरलागवड ९,४००, तळे २२,०००. एकूण ३,३८,२५० रुपये. यातले तळे, फेरलागवड आणि ऑगस्टमधले ६ टँकर हे सरळ माझ्या चुकांचे पैसे आहेत, आणि बदललेल्या पाच दिव्यांचेही तेच. पाटी काढण्याचा खर्च शून्य होता, चिठ्ठ्या आल्यापासून वेळ मात्र आठ महिने लागला.

उरलेल्या कामांत तीन कट्ट्यांची रुंदी वाढवणे आहे आणि चिठ्ठ्यांतली पहिली मागणी, म्हणजे सॉकेट, अजून तशीच आहे. उघड्यावर विजेची जोडणी देण्यास विद्युत विभाग तयार नाही आणि ते बरोबर सांगत आहेत. गाजर गवत कुंपणालगत पुन्हा उगवले आहे, पण यंदा त्यावर मेक्सिकन भुंगेरे आले असून पानांची चाळण झाली आहे, म्हणून तेवढा पट्टा उपटायचा थांबवला आहे. कढीपत्त्याची आणखी चार रोपे आणली. ती उद्या सकाळी मेसच्या दाराशी लावायची आहेत, म्हणजे बागेतली सहा कदाचित अळ्यांना मिळतील.